वेल्सचं पाणी बघणारा मयेकर

नेदरलँड्समधल्या डीमन झाउड स्टेशनच्या फलाटावर सकाळी आठ वाजता मयेकर भेटला, की तो गुड मॉर्निंग म्हणत नाही, काय चाललंय असंही विचारत नाही. तो म्हणतो, "वेल्सला कालपासून नैर्ऋत्येचा वारा आहे. पाणी पार गढूळ. दोन दिवस नाव काढू नकोस."

मी आजवर एकदाही वेल्सचं नाव काढलेलं नाही. मी पुण्याचा माणूस, पाण्याशी माझा संबंध बादलीपुरता. डीमन आणि वेल्स यांच्यामध्ये एक अख्खा समुद्र आणि एक अख्खं इंग्लंड आडवं पडलेलं आहे. तरी गेली चार वर्षं मला वेल्सच्या किनाऱ्यावरची लाट, वारा आणि गाळ यांची खबर रोज मिळते, आणि शेजारच्या जिन्यात कोण राहायला आलं हे मात्र माहीत नसतं. एकदा बायकोनं विचारलं, "उद्या छत्री नेऊ का?" आणि मी म्हणालो, "वारा पूर्वेचा आहे, नको." ती म्हणाली, "कुठला?" तेव्हा कळलं की मी वेल्सचा सांगत होतो.

मयेकर बावन्न वर्षांचा. अठरा वर्षं नेदरलँड्समध्ये. झाउडास या ऑफिसांच्या भागातल्या एका बँकेत सॉफ्टवेअर टेस्टर आहे, म्हणजे लोक आनंदानं काही तयार करतात आणि हा त्यात काय मोडतं ते शांतपणे शोधतो. उंचीनं बेताचा, खांद्यानं रुंद. मूळचा मालवणजवळच्या किनाऱ्यावरचा. आणि त्याचा छंद असा, की वेल्सला जायचं, एका दमात पाण्याखाली उतरायचं आणि भाल्याच्या बंदुकीनं मासा मारायचा. नेदरलँड्समध्ये याला मनाई आहे. "आणि परवानगी असती तरी काय उपयोग?" तो म्हणतो. "इथलं पाणी बघायचं नसतं. ते फक्त ओलांडायचं."

हे तो हवेत बोलत नाही. त्यानं मोजलंय. मयेकरवहिनींच्या सहा ताटल्यांच्या पांढऱ्या सेटमधल्या एका ताटलीला मधोमध भोक पाडून त्यानं दोरी ओवली आहे. ती पाण्यात सोडायची, किती खोलीवर दिसेनाशी होते ते दोरीवरच्या गाठींनी मोजायचं. डीमनच्या कालव्यात ताटली पहिल्या गाठीच्या आत गडप झाली. पुलावरून एक डच आजोबा बराच वेळ बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, काही हरवलंय का? मयेकर म्हणाला, "नाही, पाणी बघतोय." आजोबांनी मान डोलावली आणि सायकलवर बसून थोड्या घाईनंच गेले.

'आधी पाणी बघू' हे मयेकरचं आयुष्याचं सूत्र आहे. घर घ्यायचं? आधी पाणी बघू. मुलीनं हॉकी सोडून ज्यूडो धरावं का? आधी पाणी बघू. त्यावर ती मुलगी म्हणते, "पप, दू नॉर्माल." नीट वाग, एवढाच त्याचा अर्थ, पण डच माणसाच्या तोंडून तो शिक्षेसारखा येतो. मयेकरवर त्याचा परिणाम शून्य.

आमच्या मंडळाच्या गणपतीला बुइटनव्हेल्डर्टमध्ये एक हॉल बघितला होता. सगळ्यांना पसंत. पार्किंग आहे, किचन आहे, बोला. मयेकर म्हणाला, "आधी पाणी बघू." आणि पठ्ठ्या तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगवेगळ्या वाऱ्यांत जाऊन हॉल बघून आला. सगळे वैतागले. तिसऱ्या दिवशी त्याचा निकाल आला: पश्चिमेचा वारा असला की मागच्या दाराच्या फटीतून झोत थेट स्टेजवर येतो, निरांजन टिकणार नाही, मूर्ती पूर्वेच्या भिंतीला घ्या. कुणी ऐकलं नाही. पहिल्या आरतीला निरांजन चार वेळा विझलं. दुसऱ्या दिवशी चौघांनी गुपचूप टेबल पूर्वेला सरकवलं. मयेकर फक्त मागच्या दाराकडे बघून आला. कुठल्याही इमारतीत शिरला की तो पहिल्यांदा बाहेर पडायची जागा बघतो. "आत कुठूनही जाता येतं. बाहेर यायची जागा आधी बघायची." हे त्याचं दुसरं सूत्र.

दम धरायचा सराव तो ट्रेनमध्ये करतो. डीमन झाउड सुटलं की श्वास बंद, डाउव्हेनड्रेख्त आलं की चालू. एकदा गाडी मध्येच सिग्नलला थांबली. मयेकरनं जिद्दीनं सोडलं नाही. चेहरा आधी लाल, मग जांभळा. समोरच्या बाईंनी फोन काढून अँब्युलन्सचा नंबर फिरवायला घेतला. मयेकरनं डोळे न उघडता फक्त एक बोट वर केलं, थांबा म्हणून. मी मेलो शरमेनं. पण त्या स्टेशनापर्यंत त्यानं दम धरलाच.

त्याच्या घरात शिरलं की लोकांच्या घरी जिथं आरसा असतो तिथं वेल्सच्या किनाऱ्याचा नकाशा आहे. भिंतभर. त्यावर टाचण्या. हिरवी टाचणी म्हणजे जाण्याजोगी जागा, लाल म्हणजे नको. लाल टाचण्या चिक्कार आहेत. हा सुळका नको, याच्या टोकाला प्रवाह ओढतो. हे आखात नको, नदी उतरते, पाऊस पडला की चहासारखं पाणी. ही जागा उत्तम, पण पाण्यातून निघायला सरळ उभा कडाच आहे, म्हणून लाल. आणि नकाशाशेजारी, खिळ्याला, गावाहून मागवलेलं मराठी कॅलेंडर. मोबाईलमध्ये वाऱ्याची तीन आणि भरतीची दोन ॲप असलेल्या माणसाच्या भिंतीवर तिथ्यांचं कॅलेंडर कशाला, हे मी विचारलं होतं.

"अष्टमी बघायला," तो म्हणाला. "अमावस्या-पौर्णिमेला उधाण. पाणी धावतं, गाळ उठतो. अष्टमीला पाणी मवाळ. आपल्याला अष्टमी पाहिजे. त्याआधी तीन दिवस पूर्वेचा वारा पाहिजे, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे, लाट बसते. आणि आठवडाभर पाऊस नको."

"वेल्समध्ये आठवडाभर पाऊस नको?"

"हो. म्हणून तर वाट बघतोय."

आता एवढं सगळं वेल्सलाच का? फ्रान्सला समुद्र आहे, स्पेनला तर ऊनसुद्धा आहे. हा प्रश्न मी चार वर्षांत चार वेळा विचारला आणि मला चार उत्तरं मिळाली. पाणी स्वच्छ आहे. गर्दी नसते. बोटीनं गाडी नेता येते. चौथ्या वेळी तो म्हणाला, "तिथं माझं एक काम आहे," आणि विषय बदलला.

माझ्यावर ही पाळी आली ती मयेकरवहिनींमुळे. त्यांनी साफ सांगितलं, एकट्यानं पाण्यात जायचं नाही, काठावर माणूस पाहिजे. मयेकरनं सगळ्या ओळखीतून मला निवडलं. मी फुशारलो. नंतर कळलं की निकष असा होता: ज्याला पाण्याची भीती वाटते तो काठ सोडून हलणार नाही.

माझं काम सोपं होतं. मयेकर पाण्यात असताना त्याचा नारिंगी तरंगता गोळा नजरेआड होऊ द्यायचा नाही. तो बुडी मारेल तेव्हा आकडे मोजायचे. वर आला की तो हात उंच करेल. साठ म्हणेपर्यंत हात दिसला नाही तर शिट्टी मारायची, फोन करायचा. याची तालीम त्यानं माझ्याकडून डीमनच्या पोहण्याच्या तलावावर तीनदा करून घेतली. काठावर कपड्यांत बसून, शिट्टी गळ्यात घालून मी आकडे मोजतोय आणि शेजारी पाच वर्षांची डच पोरं सपासप पोहतायत, हे दृश्य मला विसरायचं आहे.

दोनदा जायचं ठरलं आणि दोनदा रद्द झालं. पहिल्या वेळी आदल्या दिवशी वारा फिरला. दुसऱ्या वेळी आम्ही सामान गाडीत भरलं होतं, वहिनींनी घावणे करून दिले होते, आणि मयेकर मोबाईल बघत म्हणाला, "रात्री पाऊस पडला तिथं. उतरव." मी सुट्टी टाकली होती. मी त्याला बोलायचं ते बोललो. तो ऐकून घेत सामान उतरवत राहिला. मग म्हणाला, "चार महिन्यांनी चांगली अष्टमी आहे."

ती अष्टमी आली. पूर्वेचा वारा तीन दिवस झाला, पाऊस नव्हता. हुक ऑफ हॉलंडला बोटीत गाडी घातली, हार्विचला उतरलो, आणि दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या डाव्या बाजूनं इंग्लंड ओलांडत वेल्सच्या पश्चिम टोकाला पोहोचलो. जागेचं नाव मी सांगणार नाही, मयेकरनं शपथ घातली आहे. काळ्या खडकांमधली एक चिंचोळी खाडी, तोंडाशी अरुंद, आत वाळूचा किनारा. नकाशावरची सगळ्यात हिरवी टाचणी.

"सात वाजता पाणी पूर्ण भरेल," मयेकरनं आदल्या संध्याकाळी सांगितलं. "भरतं तेव्हा घटकाभर थांबतं. त्या थांबलेल्या पाण्यात उतरायचं."

"ॲपवर बघितलंस?"

"तिथीची पाऊणपट. आज्याच्या काळापासूनचा हिशोब आहे आमच्याकडे. अष्टमी म्हणजे आठ, आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती. इथलं घड्याळ उन्हाळ्यात एक तास पुढे, म्हणून सात."

सकाळी सहा वाजता उठून, त्या थंडीत, दोघांचं सामान मी कड्यावरून खाली उतरवलं. सात वाजता आम्ही किनाऱ्यावर उभे होतो. समोर समुद्र नव्हता.

म्हणजे होता, पण खाडीच्या तोंडाच्याही पलीकडे, दूर, एक करडी रेघ. मध्ये सगळी ओली वाळू, शेवाळाचे ढीग आणि उघडे पडलेले खडक. एक कुत्रा त्या वाळूवर मजेत धावत होता. ज्या ठिकाणी मयेकर पाण्याखाली उतरणार होता तिथं कुत्र्यानं पाय वर केला.

रबरी पोशाख घालून, हातात बंदूक घेतलेला मयेकर त्या वाळूकडे बघत उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर निराशेचा लवलेश नव्हता. "गाडीतला थर्मास आण," तो म्हणाला. मी पाय आपटत कडा चढलो. थर्मासशेजारी, गाडीच्या कप्प्यात, एक छापील कागद होता. या महिन्याचं या किनाऱ्याचं भरती-ओहोटीचं कोष्टक. आजच्या तारखेखाली लाल शाईनं दोन रेघा. ओहोटी सात वाजून पाच मिनिटं. भरती एक वाजून वीस मिनिटं.

अक्षर मयेकरचंच. म्हणजे या माणसाला सगळं माहीत होतं! चार महिने वाट बघून, दोन देश ओलांडून, पहाटेच्या थंडीत त्यानं मला मुद्दाम ओहोटीला आणून उभं केलं होतं. माझं डोकं असं तापलं की चहाची गरज उरली नाही. कागद मुठीत धरून मी खाली आलो. मयेकर वाळूवरून चालत पार पाण्याच्या रेघेपाशी पोहोचला होता. मी तणतणत त्याच्यामागे गेलो. जवळ पोहोचलो तेव्हा तो फोनवर होता. वाऱ्यामुळे त्यानं फोन स्पीकरवर टाकला होता.

"आबा, मी बाबू."

मग एक म्हातारा आवाज, कुणीतरी बळेच फोन कानाशी धरल्यासारखा. "हां."

"आबा, आज अष्टमी. मी वेल्सच्या पाण्यावर इलंय."

"मोबाईलात बघून सांगतंस?"

"नाय. हयसर उभो आसंय."

"पायाक पाणी लागला?"

"नाय लागूक."

"मगे थय कित्याक उभो रवलंस?"

"तुमची पाऊणपट लावून इलंय, आबा. आठाची सहा, वर हयचो एक तास. सात वाजता भरती होवक व्हयी. पण पाणी भायर आसा. पुरी सुकती."

सुकती म्हणजे ओहोटी, हे मला प्रसंगावरून कळलं. मला वाटलं फोन कटला. मयेकर हलला नाही. तो श्वास धरून उभा होता, ट्रेनमध्ये धरतो तसा.

"पुरी सुकती?" आवाज बदलला होता. "की उतरता हा अजून?"

"थांबलेली आसा. दगडाची खूण करून बघलंय."

"म्हणजे सहा तास," म्हातारा म्हणाला. "बरोबर सहा तास. थयचो समुद्र आपल्या उलटो चलता. थांब. थांब जरा. माका बसव गो कोणी तरी!" आत कुणाला तरी हाक गेली, खाट करकरली, भांडं पडलं. "बाबू, कागद घे. खाडीचा तोंड केवढा?"

"चिंचोळा."

"मगे भरूक वाईच येळ लागतलो. दोपारी एक वाजान गेल्यार, दीडाच्या आत भरतला. भरला काय थांबतला. तेव्हा उतर, आदी नको. आणि भायर येवची जागा आदी बघ."

"बघलंय, आबा."

"मी फोन लावतंय दीडाच्या आदी."

फोन बंद झाला. मयेकरनं कागद घेतलाच नव्हता. मी माझ्या मुठीतला कागद त्याच्यापुढे धरला. एक वाजून वीस मिनिटं, लाल रेघ. तो कागद बघून जरा ओशाळला.

परत खडकावर येऊन बसलो, वहिनींनी याही वेळी दिलेले घावणे उघडले, आणि मयेकर चार वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी वेल्स सोडून दुसरं काही बोलला. त्याचे आबा, म्हणजे वडील, रापणीवरचे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, सगळा गाव ओढतो. पण ते टाकायचं कधी, हे पाणी बघून एकच माणूस सांगतो. त्यांच्या वाडीत ते आबा सांगायचे. त्यांनी हात वर केला की साठ माणसं हलायची. आता मयेकरच्या धाकट्या भावाच्या बोटीत पडदा आहे, पाण्याखालचं सगळं त्यावर दिसतं. आबांना कोणी विचारत नाही. पाच वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून खाटेवर. समुद्र आवाजाच्या अंतरावर, पण खिडकी दुसऱ्या बाजूला. हळूहळू बोलणं बंद. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

"मी फोनवर इथल्या भरतीबद्दल विचारायचो. एकदा म्हणाले, 'मोबाईलात बघून सांगतंस, मगे माका कित्याक इचारतंस?' आणि फोन ठेवला. त्यांना पाण्याचा निरोप लागतो. पाय ओले असलेल्या माणसाकडून."

"पण वेल्स का?"

"मालवणचा समुद्र त्यांना पाठ आहे, तिथं शोधायला काही उरलं नाही. मला असा समुद्र पाहिजे होता जिथं त्यांचा हिशोब चुकेल. आणि चुकायचा तर बरोब्बर चुकला पाहिजे. थोडाफार चुकला तर ते म्हणणार, तुला मोजता आलं नाही. युरोपातले सगळे किनारे तपासले मी. इथं अगदी उलटं येतं, सहा तास." तो खडकावरून खाली बघत होता. "टेस्टर आहे रे मी. कुठं काय चुकेल ते शोधणं हेच येतं मला."

मी घावणा खात राहिलो. मी पुण्याला वडिलांना दर रविवारी फोन करतो. बीपीची गोळी घेतली का, बँकेचं पत्र आलं का, ठेवू? गेल्या दहा वर्षांत, त्यांना जे येतं त्यातली एकही गोष्ट मी त्यांना विचारलेली नाही. ते तीस वर्षं पूल बांधत होते. मला त्या खडकावर बसून स्वतःची लाज वाटली, हे लिहून टाकतो.

अकराच्या सुमारास पाणी खाडीच्या तोंडातून आत शिरलं. काचेसारखं स्वच्छ. मयेकरनं ताटली सोडली, सात गाठींपर्यंत पांढरी दिसत राहिली. एक वाजता त्यानं मास्क चढवला, आपला फोन माझ्या हातात दिला.

"आबांचा फोन येईल."

"मी काय बोलू?"

"खरं बोल."

नारिंगी गोळा खाडीच्या मध्यावर गेला. मी खडकावर, शिट्टी गळ्यात. पाणी थांबेपर्यंत तो नुसता तरंगत होता. एक वाजून पंधरा मिनिटांनी फोन वाजला.

"बाबू?"

"आबा, मी पानसे. बाबूचा मित्र. तो पाण्यात आहे, मी काठावर आहे."

"पायाक पाणी लागला?"

मी खडकावर होतो, बुटात, लोकरी मोज्यांत, पाण्यापासून चांगला चार हात वर. लागलं म्हणालो असतो तर पाच हजार मैलांवरून कुणाला कळणार होतं! मी म्हणालो, "एक मिनिट, आबा." बूट काढले, मोजे काढले, पँट वर केली आणि आयुष्यात पहिल्यांदा समुद्रात उतरलो. ते पाणी इतकं थंड होतं की माझ्या तोंडून जे निघालं ते आबांना ऐकू गेलं. पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला. म्हातारा हसत होता.

"लागला वाटता."

"लागलं, आबा."

"चढता काय थांबला?"

मी खडकावरच्या एका पांढऱ्या शिंपल्यावर नजर ठेवली. पाणी शिंपल्याशी आलं, मागं गेलं, परत शिंपल्याशीच आलं. मी बराच वेळ बघितलं. "थांबलं, आबा. शिंपल्याच्या वर जात नाही. एक वाजून एकवीस मिनिटं."

"हां," आबा म्हणाले. त्या 'हां'मध्ये साठ माणसं हलवायची ताकद होती.

"बाबू वर आसा?"

"आत्ता बुडी मारली."

"मोजा."

मी मोजायला लागलो. एक, दोन, तीन. दहापाशी मला ऐकू आलं की पलीकडून आबाही मोजतायत, माझ्याबरोबर, माझ्याच लयीत. एकतीस, बत्तीस. माझे पाय बधिर झाले होते. छत्तीसला हात वर आला. "आला वर," मी म्हणालो. "हां," आबा म्हणाले. पुढची बुडी. परत आम्ही दोघं एकपासून. अशा किती बुड्या झाल्या कोण जाणे. दोन बुड्यांच्या मध्ये एकदा त्यांनी विचारलं, "ओ पानसे. बाबूक मोबाईलात येळ दिसता ना?"

खरं बोल, म्हणाला होता. "दिसते, आबा. कागदावर पण लिहिलेली होती."

"माका ठावक आसा," आबा म्हणाले. आणि मग, "तरी माका इचारता."

मयेकर बाहेर आला, त्यानं आधी बघून ठेवलेल्या जागेवरूनच. हातात मासा नव्हता. एक मोठा दिसला होता, पण नियमानं ठरलेल्या लांबीपेक्षा बोटभर कमी वाटला, म्हणून सोडला, एकदा मारल्यावर माफी मागता येत नाही म्हणाला. "आला बाहेर," मी फोनमध्ये सांगितलं. आबांनी अच्छा-टाटा काही केलं नाही. फोन बंद.

मयेकर मास्क काढून माझ्या अनवाणी पायांकडे बघत राहिला. ते निळे पडले होते. "इतका वेळ फोन?"

"तू बाहेर येईपर्यंत ठेवला नाही त्यांनी. माझ्याबरोबर मोजत होते." आणि मग जे शेवटी म्हणाले तेही सांगितलं, जसंच्या तसं.

मयेकरनं काढलेला मास्क परत डोळ्यांवर चढवला, पट्टा नीट मागं ओढला आणि खडकावर बसून राहिला. कोरड्यात, भर उन्हात. मी मोजे घालायला खूप वेळ लावला.

पाणी उतरायला लागल्यावर मास्कच्या आतून आवाज आला, "पुढची पूर्वेच्या वाऱ्याची अष्टमी कधी येईल?"

मी सवयीनं मोबाईल काढला.

"त्यात नको बघूस," मयेकर म्हणाला. "आबांना लाव."